टेकडीवरची सवत

जिवंत सवतीशी भांडता तरी येतं. मेलेलीच्या झिंज्या कशा उपटायच्या? रुपीबाईची अकरा वर्षं याच विचारात गेली.

ढाणकीकडच्या सपाट काळ्या रानातल्या तांड्यात ती वाढली. तिथला बांध न् बांध तिच्या ओळखीचा. मग तिला खेमसिंगला दुसरेपणावर दिली आणि ती या टेकडीखालच्या तांड्यात आली. त्याची पहिली बायको, मानीबाई, तापानं गेली होती. घरात तिचं एक फाटकं लुगडंसुद्धा उरलं नव्हतं. ती उरली होती टेकडीवर.

तांड्याची रीतच होती, रानात जे ज्यानं आधी शोधलं ते त्याच्या नावानं चालायचं. आणि मानी पडली रानभर हुंदडणारी! दुसऱ्यांसाठी तिनं काही ठेवलंच नव्हतं. मानीचा झरा, मानीची वाट, आणि सगळ्यांत मोठं म्हणजे मानीचं मोहाचं झाड. खेमसिंग औत सोडलं की म्हणायचा, "मानीच्या झऱ्यावर बैल पाजून आनतो." रुपीच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

"दुसरं नाव नाई का त्या झऱ्याले?" एकदा तिनं विचारलंच.

"झऱ्याले कायले पायजे दुसरं नाव?" त्याला खरंच काही कळलं नाही. पुरुषांना ते कळत नाही.

बरं, टेकडी तिला आवडत नव्हती म्हणावं, तर तसंही नाही. दुखणं तेच होतं. सरपणाची मोळी उतरवून ती उतारावर बसली, खाली पैनगंगेची बारीक रेघ दिसली, की तिला माहेरीही वाटलं नसेल इतकं बरं वाटायचं. पण पाहुण्याच्या बाजेवर बसल्यागत. कधी कोण ऊठ म्हणेल, नेम नाही.

एकदा तिला चारोळीचं एक झाड सापडलं. पदरात चारोळ्या घेऊन ती धावत तांड्यात आली. शेजारची सोनीबाई म्हणाली, "कोनतं? मानीच्या झऱ्यावरून वर, तेच ना?" रुपीच्या अंगाचा तिळपापड झाला.

छप्पन्न साल गेलं, सत्तावन्न गेलं. अठ्ठावन्नची होळी झाली. मोहाची फुलं पडायच्या आधी झाडाखालचा पाला झाडायचा, बुंध्यापासून लांब ढीग लावून जाळायचा, म्हणजे स्वच्छ भुईवर फुलं वेचता येतात. दरसालचं हे काम रुपीचं. त्या दिवशी खेमसिंग सहज बोलून गेला, "मानी अशी झाडे, का भुईवर भाकर ठेवून खावं."

रुपीनं खराटा उचलला. तिनं झाडलं आणि ढीग लावला तो थेट बुंध्याला टेकवून. जरा साल काळी पडू दे, एवढंच तिच्या मनात होतं. पण झाड जुनं, आतून पोकळ. विस्तव ढोलीत शिरला आणि तीन दिवस धुमसत राहिला. सगळा तांडा घागरी घेऊन धावला. रुपीही धावली, मानीच्याच झऱ्याचं पाणी घेऊन, रडत. ते रडणं खोटं नव्हतं. अर्धं झाड मेलं.

"वारं आलं असन," खेमसिंग म्हणाला. कोणी तिला बोल लावला नाही. एखादी शिवी मिळती तर तिला सोसली असती.

पुढच्या साली नवी लग्न होऊन आलेली रामीबाई टोपली घेऊन चढावर उभी होती. तिनं मोळी बांधणाऱ्या रुपीला, तिचं नाव ठाऊक नसल्यानं, आईसारखी हाक मारून विचारलं, "याडी, रुपीचा बुंधा कोनता व्हय? सारे म्हनतेत, तिथून डाव्या हाताले वळ."

रुपी थबकली. अकरा वर्षं झाडलं, वेचलं, वाहिलं, तेव्हा या टेकडीला तिचं नाव सुचलं नव्हतं. तिनं काळ्या बुंध्याकडं हात केला. "तो समोरचा."

"अन् ही रुपी कोन?"

"असन कोनी," रुपी म्हणाली आणि मोळी उचलायला वाकली.