काठमांडू तासाभरावर

लेकीच्या लग्नाची बोलणी नांदुऱ्यात, माझ्याच ओसरीवर झाली. मुलगा इंजिनियर, नेपाळात रस्त्याच्या कामावर. मूळचे अकोल्याचे, पण आईवडीलही त्याच्याजवळ काठमांडूलाच राहायचे. मी कापसाच्या बाजारात स्वतःच्या जिभेवर उभा राहिलेला माणूस. मानपान, वऱ्हाडाची माणसं, सगळं माझ्या बाजूनं ओढून घेतलं. अडलं एकाच गोष्टीवर. दर दिवाळीला लेक माहेरी आली पाहिजे.

"पाठवू ना," व्याही म्हणाले. "पण आमच्या घरात मुऱ्हाळी आल्याशिवाय सून निघत नाही. तुमच्याकडून न्यायले माणूस आलं पाहिजे."

"लय दूर पडते ते."

"काह्यचं दूर, इवाई? पाटण्याले विमानात बसलं का तासाभरात काठमांडू. तोंडातलं पान संपत नाही."

घरात दुसरा पुरुष नव्हता. मीच येतो, असा शब्द दिला. कापसाच्या गाडीत तळापर्यंत हात घातल्याशिवाय मी कधी भाव बोललो नाही, आणि हे अंतर मात्र समोरच्याच्या तोंडचं घेतलं. त्यांचा तास पाटण्यापासून सुरू होत होता. नांदुरा ते पाटणा त्यांनी धरलंच नव्हतं.

पहिल्या दिवाळीला निघालो. भुसावळला गाडी बदलली, इटारसीला बदलली, मुगलसरायला बदलली. पाटण्याला कळलं, आजचं विमान गेलं. दुसऱ्या दिवशी बसलो. डोंगर आले, बर्फ दिसला, पण काठमांडूवर ढग. नाल्याला पूर आला की आपली एसटी जशी माघारी फिरते, तसं ते विमान घिरट्या घालून पुन्हा पाटण्यालाच उतरलं.

मी खिडकीवरच्या बाबूवर ओरडलो, "एक घंटा तो कब का हो गया! गाव किधर है?"

"पहाड़ से पूछिए, चाचा."

लक्ष्मीपूजन पाटण्याच्या धर्मशाळेत गेलं. सकाळी विमान पोचलं. लेक बांधलेली ट्रंक घेऊन दाराशीच बसली होती.

"उशीर केला, इवाई," व्याही म्हणाले. "तासाचाच तं रस्ता."

माझं डोकं फिरलं. "विमान माह्या दारातून उडते काय? उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत मोजा, मंग बोला!"

लेकीनं बाही ओढली. "बाबा, मागून भांडा. विमान सुटन."

चहा तसाच ठेवून निघालो.

नांदुऱ्याला उतरलो तेव्हा भाऊबीजही होऊन गेली होती. शेजाऱ्यांचे आकाशकंदील उतरले होते. आमचा तेवढा लटकत होता. बायकोनं उटणंही झाकून ठेवलं होतं.

"काऊन ठेवलं अजून?" मी विचारलं.

"पोरीची आंघोळ झाल्याबिगर कशाची दिवाळी?"

पहाटे तिनं लेकीला तेल लावलं, मग फराळ मांडला.

तेव्हापासून दर दिवाळीला मी जातो. शब्द दिला आहे. व्याही अजूनही आल्यागेल्याला सांगतात, आमच्या सुनेचं माहेर तासाभरावर आहे.