सरळ धावणारा शब्द

राजूरच्या शाळेत यज्ञेश्वर मास्तर इंग्रजी शिकवत. त्यांची एक रीत होती. क्रियापद आधी अंगाने करून दाखवायचं, अर्थ मग सांगायचा. एकदा उडी दाखवताना धोतर बाकाच्या खिळ्याला अडकून टरकन फाटलं, वर्ग लोळून हसला, तरी रीत बदलली नाही.

१९४४च्या हिवाळ्यात त्यांनी ‘बोल्ट’ शिकवला. फळ्यावर आखूड, जाड टोकाचा बाण काढला.

“मुळात हे या बाणाचं नाव. बाण सुटतो तसं जे अचानक सुटतं, त्याच्यासाठी मग तेच क्रियापद झालं. घोडा बुजून पळाला की आपण म्हणतो, उधळला. उधळणं गुलालासारखं, चहूकडे. इंग्रजांचा घोडा मात्र बाणासारखा. सरळ.”

आणि मास्तर दारापर्यंत धावले.

घरी त्याचा खेळ झाला. मास्तर ओसरीवरून शब्द उच्चारत, आणि त्यांची आठ वर्षांची लेक दमयंती तुळशीपासून फाटकापर्यंत पळत सुटे. मान वळली की डाव बाद.

“पोरीला इंग्रजी शिकवताय की शर्यतीला सोडताय?” अंबिकाबाई आतून विचारत.

“अर्थ पायांत उतरला की विसरत नाही,” मास्तर नवऱ्याच्या नव्हे, शिक्षकाच्या आवाजात सांगत.

बाजाराच्या दिवशी दमयंती त्यांच्या पुढे वीसेक पावलांवर बोरं खात चालली होती. मागे कुणाच्या तरी हातून रॉकेलचे रिकामे डबे दगडांवर आदळले. तालुक्याच्या गावाहून आलेल्या टांग्याचा घोडा बुजला आणि रिकामा टांगा ओढत मास्तरांच्या अगदी जवळून पुढे गेला, दमयंतीच्या रोखाने. मास्तरांना ओरडायचं होतं. तोंडातून एकच शब्द निघाला.

“बोल्ट!”

दमयंतीने बोरं टाकली. रस्त्याच्या मधोमध ती धावत सुटली. सरळ, घोड्याच्या पुढे. दोन्ही बाजूंना जागा मोकळी होती.

हिरडा विकायला बसलेल्या छबूबाईने पोत्यांवरून झेप घेतली, पोरीचा परकर धरून हिसडा दिला. दोघी हिरड्याच्या ढिगात कोसळल्या. चाक दमयंतीच्या डाव्या पावलावरून गेलं.

मास्तर होते तिथेच उभे.

“आवं गुरुजी, हुबं काय ऱ्हायलात? पोरीला उचला!” छबूबाई धापा टाकत ओरडली. “आन् वरडलात तरी काय? बाजूला हो म्हनायचं, त्ये सोडून!”

मास्तर गुडघ्यांवर बसले. दमयंतीचे ओठ पांढरे पडले होते, पण ती रडत नव्हती.

“अप्पा, मी मान वळवली नाही,” ती म्हणाली. “एकदाही नाही.”

पाऊल भरून आलं, पण तिरकं राहिलं.

पुढच्या वर्षी तोच धडा आला. मास्तर खुर्चीतून उठले नाहीत.

“लिहा. बोल्ट म्हणजे उधळणे.”

“आन् बाण, मास्तर?” मागच्या बाकावरून कुणी विचारलं. “दादाच्या वहीत बाण हाय.”

मास्तरांनी हातातला खडू टेबलावर ठेवला.

“नाही,” ते म्हणाले. “बाण नाही.”