खाली रेघ ओढलेले अकरा आकडे

टिकाराम खोब्रागडे सव्वीस वर्षांत कधी कुणाला काही विचारायला गेला नव्हता. लोकच त्याच्याकडे यायचे. सदुसष्ट साली तुमसरहून आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन हा गडी भिलाईला उतरला आणि पावर हाउसच्या पलीकडे, लोखंडी सांगाडे बनवणाऱ्या एका खासगी कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून चिकटला. शाईने ओढलेली त्याची रेषा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची असे. मान मात्र जरा जास्तच ताठ. कुणी ड्रॉइंग दाखवायला आलं की ते हातात न घेताच म्हणायचा, "आधी आपल्या डोळ्यानं पाह्य, मंग मले दाखव." मागे लोक त्याला काय म्हणत, ते लिहिण्यासारखं नाही.

त्र्याण्णवच्या मे महिन्यात कारखान्याने दोन कम्प्युटर आणले. ड्रॉइंग बोर्ड आता जाणार, असं मॅनेजर नरहरी बोकडे साहेबांनी एका वाक्यात सांगून टाकलं. बारा दिवस शिका, बाराव्या दिवशी एक ड्रॉइंग कम्प्युटरवर करून द्या. जमलं तर खुर्ची तुमची, नाही तर रेकॉर्ड रूम. तिथे जुनी ड्रॉइंगं गुंडाळून फळीवर ठेवायची आणि कुणी मागितली की उतरवून द्यायची, एवढंच काम. टिकारामला वाटलं, त्यापेक्षा घरी बसवलेलं बरं.

शिकवायला होती शैला, नागपूरहून कोर्स करून आलेली तेवीस वर्षांची मुलगी. टिकारामची थोरली तेवढीच. शैलाच्या मनात वाकडं काही नव्हतं, पण तिच्या बोटांना दम नव्हता. काही अडलं की ती वाकायची, चार बटणं खाडखाड बडवायची आणि "झालं ना काका? एकदम सिंपल आहे," म्हणून आपल्या जागेवर जायची. काय झालं ते तिच्या बोटांनाच ठाऊक.

कम्प्युटरसाठी एसी लावलेल्या त्या थंडगार खोलीत बूट बाहेर काढून, पायांचा बर्फ होईपर्यंत टिकाराम बसून राहायचा. माउस टेबलाच्या कडेला जाऊन अडायचा. ओढलेली रेषा मध्येच गायब व्हायची, आणि ती शोधता शोधता दुसरी पुसली जायची. एक अक्षर चुकलं की यंत्र म्हणायचं, अननोन कमांड. तुझं बोलणं मला कळत नाही, असं टिकारामला आजवर कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं. हे यंत्र दिवसातून चाळीस वेळा म्हणायचं. एकदा तर त्याने हात उगारला, मग किंमत आठवून तो खाली घेतला.

परीक्षेचं ड्रॉइंग तसं किरकोळ होतं. ट्रॉलीच्या तळाची पाटी, बाराशे मिलिमीटर लांब, आठशे रुंद, बोल्टची भोकं. टिकारामने बोर्डावर करायचा तसाच मनातल्या मनात विसाने भागाकार केला आणि साठ लांब, चाळीस रुंद अशी पाटी काढली. माप लिहायला गेला तर यंत्राने स्वतःच मोजून साठ हा आकडा पुढे केला. "बाराशे हाय ते, बयताडा," असं पुटपुटत त्याने बाराशे टाइप केलं. आठशेचंही तेच. शैलाने यंत्रात आधीच काढून ठेवलेला बोल्ट त्याने आणून बसवला, तर तो जवळजवळ अख्ख्या पाटीवर पसरला. मग अंदाजाने त्याला लहान करत बसायचं, प्रत्येक बोल्टला अर्धा तास. अकरा दिवस हेच चाललं.

रुआबांध्याच्या घरी त्याची बायको गिरजाबाई रोज ताट वाढताना म्हणायची, "त्या पोरीले इचारून काहून नाही पाहत?"

"तिले काय इचारू? तिनं जलमात बोर्ड पाह्यला नाही."

बाराव्या दिवशी तीन वाजता ड्रॉइंग द्यायचं होतं. एक वाजता सगळं पूर्ण होत आलं, पण शेवटच्या भोकाचं माप लिहिताना यंत्राने पुन्हा भलताच आकडा पुढे केला, आणि टिकारामची सगळी ऐट तिथेच गळून पडली. "शैला, हे सारखं चुकीचं कावून दाखवून राह्यलं?"

शैलाने वाकून बघितलं आणि पहिल्यांदाच तिची बोटं थांबली. "काका, तुम्ही मापं लहान का केली?"

"कागदावर मावली पाह्यजे ना."

"पण कागद कुठे आहे इथे? वस्तू जेवढी आहे तेवढीच काढायची. लहान करायचं ते प्रिंट काढताना." मग तीच ओशाळली. "हे सांगायचं असतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. आता राहू द्या. प्रिंटवर आकडे बरोबर आहेत. कोणाला कळणार आहे?"

टिकारामलाही तेच वाटलं, अगदी मनापासून वाटलं. अकरा दिवस लागलेलं काम दोन तासांत नव्याने होणार नाही, असं त्याने धरून टाकलं. तरी प्रिंट तशीच न देता त्याने ती टेबलावर पसरली आणि खिशातलं पेन काढून प्रत्येक आकड्याखाली एक रेघ ओढली. बोर्डावरच्या कामात ही जुनी रीत. माप बदललं आणि रेषा बदलायला सवड मिळाली नाही, तर आकड्याखाली रेघ. म्हणजे आकड्यावर भरवसा ठेवा, रेषा मोजू नका.

नरहरी साहेब मूळचे बोर्डावरचेच. त्यांनी कागद बघितला आणि चष्मा काढला. "अकराच्या अकरा?"

"आकडे खरे हायेत साहेब. रेषा खोट्या हायेत. उद्या कोणी कम्प्युटरमधून माप घेतलं, त फसन."

"रेघा नसत्या तर मी सही केली असती."

"मले ठाऊक हाय."

साहेबांनी कागदाची घडी घातली. "सोमवारपासून रेकॉर्ड रूममध्ये बसा, टिकाराम." आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

टिकाराम परत त्या थंड खोलीत आला. शैला उठली तसा म्हणाला, "तू हात लावू नोको. फक्त सांग." भागाकार न करता त्याने बाराशे टाइप केलं. रेषा पडद्याबाहेर पळाली. शैलाने दोन अक्षरं सांगितली, तशी ती पूर्ण दिसू लागली. मापाला यंत्राने आपणहून बाराशे लिहिलं. बोल्ट भोकात जाऊन नेमका बसला, मग दुसरा, तिसरा. पाऊण तासात पाटी तयार झाली.

शैला धावत साहेबांकडे गेली आणि तशीच परत आली. रेकॉर्ड रूमची ऑर्डर टाइप होऊन वर गेली होती, साहेबही निघून गेले होते.

टिकाराम पडद्याकडे बघत होता. एवढं सोपं होतं याचाच त्याला सगळ्यात जास्त राग आला होता, आणि त्या रागाने त्याचे डोळे भरले होते. शैलाकडे न बघताच तो म्हणाला, "पहिल्याच दिवशी इचारलं असतं, त मी काय मेलो असतो का?"