टाकीतल्या चिंबोऱ्या

"हा टीबी नाही," कल्याणच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घरात कोणी कच्ची चिंबोरी खातं का?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खाली बघत होते.

टोकावड्याजवळ ओढ्याकाठी ह्यांनी सिमेंटची टाकी बांधून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पाळल्या होत्या. त्या धाब्यांवर विकायच्या. टाकीवर ह्यांचा भारी जीव. आमच्या घरात खोकल्यावर कच्ची चिंबोरी वाटून, फडक्यातून गाळून रस पाजायची रीत. ह्यांना खोकला लागला तसे हे रोज सकाळी रस प्यायला लागले. मला किळस यायची. निदान उकळून तरी घ्या, म्हणून मी मागे लागायची.

"अगो, ओढ्यातल्या नाय, आपल्या टाकीतल्या हायत. चोख हायत," हे म्हणायचे.

खोकला वाढला, तसा रसही वाढला. मग थुंकीतून रक्त पडू लागलं. मुरबाडला एक्स-रे काढला, फुप्फुसावर डाग दिसला. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. हे गोळ्या नेमाने घ्यायचे आणि वर रस प्यायचे. अंगावर मांस म्हणून राहिलं नाही. एक दिवस टाकीजवळच फिट येऊन पडले, तेव्हा जीपमध्ये घालून कल्याणला आणलं.

थुंकीत कृमीची अंडी सापडली. आजाराचं नाव पॅरागोनिमायसिस. ही कृमी गोगलगायीतून चिंबोरीत शिरते आणि चिंबोरी कच्ची पोटात गेली की माणसाच्या फुप्फुसात घर करते. आमच्या टाकीत पाणी ओढ्याचंच होतं, गोगलगायीही त्याबरोबर आल्या होत्या. एमआरआय काढला, म्हणजे मेंदूचा फोटो. तिथेही गाठी होत्या.

"फुप्फुस सुधारेल," बाई म्हणाल्या. "मेंदूचं सांगता येत नाही."

वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून मी त्या टाकीला पोटभर शिव्या घातल्या.

प्राझिक्वांटेल नावाच्या कृमी मारणाऱ्या गोळ्यांनी खोकला थांबला. बाईंचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्याकडे कोणी असा रस देत असेल, तर त्याचा हात धरा. चिंबोरी पुरती शिजवूनच खा. टीबीच्या गोळ्यांनी गुण येत नसेल, तर डॉक्टरांना चिंबोरीचं सांगा, लाजू नका.

घरी आल्याआल्या मी टाकी रिकामी केली. परवा ह्यांना पुन्हा फिट आली. शुद्धीवर आल्यावर ह्यांना मी कोण ते ओळखता येईना. मग परक्या बाईला विचारावं तसं हळूच म्हणाले, "बाय, टाकीतल्या चिंबोऱ्यांना कोनी खायला घातलं का?"

"घातलं," मी म्हणाले.