काजळ घातलेला खांदा

आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. वडील घाटकोपरच्या गाडीतळावर बैलगाडी हाकायचे. मी पदवी घेतली तेव्हा ते राहिले नव्हते. म्हणून जनावरांचे हाल थांबवणाऱ्या संस्थेत इन्स्पेक्टर झालो, तेव्हा पेढे वडिलांच्या जोडीदार गाडीवानाला नेऊन दिले. त्यांना मी काका म्हणायचो. माझी खाकी बघून ते पोट धरून हसले. "आता आमालाच धरशील की रं!"

एकोणीसशे पन्नासनंतरची ती पहिली वर्षं. संस्थेने बिल्ला दिला, शिट्टी दिली आणि एक इंग्रजी पुस्तक दिलं. पुस्तक घोड्यांचं, बैलाला त्यात अर्धं पान. माझे तिघे सहकारी व्हर्नाक्युलर फायनलवाले, मराठी सातवी शिकलेले, त्यांना ते वाचता येईना. साहेब म्हणाले, "बीए, तुम्ही मराठीत एक वही करा. बैल कसा तपासायचा, सगळं लिहा." मी फुगलो. खोटं कशाला बोलू?

पण बैल कसा तपासायचा हे मला तरी कुठे ठाऊक होतं? मी काकांकडे गेलो. ते म्हणाले, "सांगतो. पण येक अट. पयल्या डावाला सोडायचं. समज द्यायची, जनावर दवाखान्यात धाडायचं. दुसऱ्या डावाला धर, मी न्हाई बोलणार."

मी शब्द दिला.

चार-पाच रविवार त्यांनी मला बैल शिकवला. शेपूट मुरगळून तुटली की गाठ कुठे लागते, पराणीची टोचणी कुठे लपते. आणि जू घासून खांदा सोलवटला की गाडीवान चुलीची काजळी तेलात कालवून वर फासतात. बैलाचा खांदा आधीच काळसर, त्यामुळे लांबून काही कळत नाही. गाडीतळावर याला म्हणायचे, 'काजळ घातलंय'. "ह्यो शब्द भाईरच्याला ठावं न्हाई," काका म्हणाले.

मी तो वहीत लिहिला. 'काजळ हा शब्द कानी पडल्यास ओल्या फडक्याने खांदा पुसून पाहावा.' आणि पहिल्या पानावर, ठळक अक्षरात, काकांची अट.

ऑफिसात वहीच्या प्रती काढायला टायपिस्टने स्टेन्सिल कापल्या. साहेबांनी त्या तपासायला माझ्याकडे पाठवल्या. मी दुपारभर ऱ्हस्व-दीर्घ बघत बसलो. 'क्रूरता'तला क्रू तीन ठिकाणी ऱ्हस्व पडला होता, तो दुरुस्त केला. खाली सही केली, इंग्रजीत, बी.ए.सकट. पानं मोजली नाहीत.

पुढे पंधरा दिवसांनी माझी बोरिवलीला पाळी होती. आग्रा रोडवर, कांजूरच्या अलीकडे, माझा एक सहकारी वही घेऊन उभा होता. काकांची गाडी आली. मागच्या गाडीवानाने थट्टेत हाक दिली, "काय म्हातारबा, आज काजळ घातलंय जणू?"

"घातलंय की," काका म्हणाले. "दवाखान्यालाच चाललोय."

दवाखान्याला चालले होते हे खरं. गाडी अर्धी विटांनी भरलेली होती हेही खरं. वाटेत उतरवणार होते. सहकाऱ्याने फडकं ओलं केलं. केस झाली, बैल दवाखान्याच्या कोंडवाड्यात गेला.

मी साहेबांसमोर वही आपटली. "समज द्यायचं पान कुठाय?"

"काढलं," साहेब चहा ढवळत म्हणाले. "समज घरी पोराबाळांना द्या हो. इथे केसेस दाखवाव्या लागतात."

"मला विचारलं का नाही?"

"विचारायचं काय? स्टेन्सिल तुम्हीच तपासल्यात ना? ही सही कुणाची?"

माझीच होती.

संध्याकाळी गाडीतळावर गेलो. काका एकट्या उरलेल्या बैलापुढे कडबा सारत होते. तो तोंड लावत नव्हता. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "वही आणलीया? वाच."

मी काजळाचं पान वाचलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"बराबर लिवलंय. येक बी गोष्ट चुकली न्हाई. आता ते पान वाच. समज द्यायचं."

"ते नाही यात, काका. साहेबांनी काढलं."

"अन् तुमी काय करत हुता?"

त्यांनी मला कधी 'तुमी' म्हटलं नव्हतं. मी शुद्धलेखन बघत होतो, हे त्यांना कसं सांगायचं? सांगितलं नाही. साहेबांनी दगा दिला, एवढंच पुन्हा पुन्हा सांगत राहिलो.

"तुमच्या सायबाला मी वळखत न्हाई," काका म्हणाले. "मी सांगितलं हुतं ते तुमाला."

बैल तीन आठवड्यांनी परत आला, खांदा पूर्ण भरून. हेही लिहायला हवं. काकांच्या हातून तो इतका बरा झाला नसता. पण मी गाडीतळावर पाऊल टाकलं की गप्पा थांबायच्या. काजळ हा शब्द तर महिन्याभरात बंदच झाला. आमचे लोक फडकं ओलं करून उभे, आणि गाडीवान दुसरंच काही बोलत, हसत पुढे जायचे.

नवा शब्द काय ठरला, ते मला कुणी सांगितलं नाही.