सुधारलेला सूर

लेनिनग्राडला आमच्या शेजारच्या खोलीत अग्निया कार्पोव्हना राहायच्या. स्वयंपाकघर दोघींचं एकच. थिएटरच्या वाद्यवृंदासाठी त्या स्वरलिपी हाताने उतरवून द्यायच्या. एकोणीस वर्षांत एक चूक नाही, याचा केवढा तोरा त्यांना!

त्या हिवाळ्यात एक विनोदी बॅले बसत होता. चार प्रयोगांनंतर वरून हुकूम येऊन बंद झाला, म्हणून आता कुणाला आठवत नाही. त्यात कारखान्याचा ढेरपोट्या मॅनेजर ऐटीत नाचतो आणि मागे ट्यूबा हा भलामोठा पितळी कर्णा घोगऱ्या आवाजात वाजतो. पहिल्या तालमीला मात्र कुणी हसलंच नाही. तरुण संगीतकार ग्लेब अन्तोनिच कागद घेऊन थेट आमच्या स्वयंपाकघरात आला.

"इथला सूर कुणी बदलला?"

"मीच. तुम्ही चुकला होतात. म्हटलं, चारचौघांत शोभा नको."

"अहो, ती चूक म्हणजेच मॅनेजर! तुम्ही त्याला सज्जन करून टाकलात. वाद्यवृंदाचे संचालक उतरवायला दुसरी बाई शोधायला निघालेत."

बाईंचा चेहरा उतरला. माझ्या कोबीच्या पातेल्याशेजारी कागद पसरून त्यांनी ब्लेडने शाई खरवडली आणि जाणूनबुजून चुकीचा सूर लिहिला.

दुसऱ्या दिवशी तालमीला सोबत म्हणून त्यांनी मलाही नेलं. ट्यूबाचा सूर घसरला आणि अख्खा वाद्यवृंद खदखदून हसला. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"मला हसतायत का गं?"

"छे हो, मॅनेजरला."

मग त्याही हसल्या, इतक्या मोठ्याने की संचालकांनी मागे वळून पाहिलं.

"अग्निया कार्पोव्हना, हसून झालं की दुसरा अंक घेऊन जा उतरवायला."