डीएनएचा तास

तुळसा गोरिवले चिडली की प्रयोगशाळेतले बेडूकसुद्धा ओरडायचे थांबतात, असं कॉलेजात म्हणत. म्हणणारे हसत हसत म्हणत, ते तिच्या कानावर येई आणि ती आणखी चिडे. राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर असे, हे खरं. पण तो तिथे नेऊन ठेवला कोणी, हे मात्र कोणी विचारत नव्हतं.

लांज्याच्या आतल्या अंगाच्या गावातली ती. बाप मुंबईत गोदीत, आई शेतावर. भावकीतली पहिली एमएस्सी, तीही पहिल्या वर्गात. रत्नागिरीच्या कॉलेजात तिला जीवशास्त्राकडे डेमॉन्स्ट्रेटर म्हणून घेतलं, तेव्हा विभागप्रमुख परशुराम आगाशे म्हणाले होते, "अगो तुळसा, आधी आत तर ये. वर्षभरात वर्गावर तास देऊ तुला." वर्ष गेलं, वर्षं गेली. दर जूनमध्ये ती तास मागायची आणि दर जूनमध्ये सर चष्मा पुसत म्हणायचे, "पुढल्या वर्षी बघू हो." तोवर बेडूक चिरा आणि काचपट्ट्या धुवा. बरं, सर शिकवायचे वाईट म्हणावं, तर तेही नाही. वाईट शिकवत असते तर निदान भांडता आलं असतं. माणूस गोड, हुशार, आणि तिच्या वाटेत आडवा बसलेला. अशा माणसाचं करायचं काय, सांगा!

शहाऐंशी साली लेक्चररची जागा निघाली. विद्यापीठाची समिती येणार, वर्गात बसून तुळसाचा एक तास ऐकणार आणि ठरवणार. पसंत पडला नाही तर मुंबईहून कोणीतरी येणार आणि तुळसा काचपट्ट्या धूतच म्हातारी होणार. एवढं सरळ होतं ते.

विषय तिने स्वतः निवडला होता. डीएनएवर जोर पडला की त्याचा आकार कसा बदलतो, हा. पुस्तकातल्या चित्रात डीएनए म्हणजे पीळ दिलेली शिडी, देवळापुढच्या दीपमाळेसारखी ताठ उभी. पेशीत ती मेली ताठ कुठली उभी राहायला! तिथे तिला पिळतात, ओढतात, मधेच उसवतात, आणि त्या ओढाताणीत ती वळते, गुंडाळते, स्वतःवरच चढते. हे पोरांना डोळ्यांनी दिसायला हवं, असा तुळसाचा हट्ट होता.

म्हणून तिने भाट्याहून काथ्या आणला. दोन पेड हातांनी वळले, त्यातला एक निळीच्या पाण्यात बुडवून वाळवला आणि दोन्ही मिळून एक दोर केला. मग त्या दोराला वळला त्याच अंगाने आणखी पीळ दिला. देत राहिली, तळवे सोलवटले तरी. शेवटी दोन लोखंडी स्टँड जवळजवळ ठेवून दोन्ही टोकं करकचून बांधली. जादा पिळाला बाहेर पडायला वाट नाही, त्यामुळे दोर आपल्याआपणच स्वतःभोवती गुंडाळला, वेटोळ्यावर वेटोळं. अगदी पेशीतल्यासारखा. तसाच टेबलावर ठेवून ती संध्याकाळी घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तासाला येऊन बघते तर टेबलावर दोर नाही. तो खिडकीत टांगलेला होता, चिंब ओला. खालच्या टोकाला तराजूचं वजन बांधलेलं आणि ते सावकाश गरगरत होतं. खाली फरशीवर निळं थारोळं. निळा पेड कुठला आणि साधा कुठला, काही कळेना.

"अगो, केवढा गुंता करून ठेवला होतास!" आगाशे सर कौतुकाने दोराकडे बघत म्हणाले. "भिजवून वजन लावलं, बघ कसा सुतासारखा सरळ झाला. आमच्या विहिरीचा दोर असाच सोडवतो आम्ही."

तुळसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोकणात जन्मलेल्या माणसाचे हात वेटाळलेला दोर दिसला की आपसूक तिकडे जातात, हे तिला का ठाऊक नव्हतं? तिच्या बापानेही हेच केलं असतं. पण बापाला डीएनए ठाऊक नव्हता, यांना होता.

"सर, तो गुंता नव्हता! तोच तर मला शिकवायचा होता!"

"हात्तिच्या! मग सरळ दोरावर शिकव. एवढं तापायला काय झालं?"

दारातला हरिश्चंद्र शिपाई खुदकन हसला. "सुंभ जळेल सर, पण पीळ जायचा नाही."

"तू गप रे मेल्या!" तुळसा त्याच्यावर खेकसली. डोळ्यांत पाणी आलं होतं ते तिने पदराने खसकन पुसलं. समिती जिना चढत होती. पुन्हा पीळ देऊन टोकं बांधायला वेळ नव्हता. तिने वजन सोडून फेकलं, ओला दोर खांद्यावर टाकला आणि वर्गात गेली.

वर्ग भरलेला. समितीचे तिघे पुढच्या बाकावर, शेजारी आगाशे सर.

"सर, इकडे या," तुळसा म्हणाली. "हे टोक धरा. काही झालं तरी सोडू नका."

सर हसत उठले. तुळसाने आपल्या हातातलं टोक पिळायला सुरुवात केली. दोर आवळला, आखूड झाला, सरांचं मनगट फिरवू लागला. "सर, तुमचा हात फिरू देऊ नका! हात फिरला की पीळ निसटतो. पेशीत डीएनएची टोकं अशीच जखडलेली असतात, पिळाला जायला जागा नसते." ती एक पाऊल पुढे गेली. दोर थरथरला आणि मधोमध त्याने टुणकन वेटोळं घातलं. मागच्या बाकावरची पोरं उभी राहिली.

"आता ओढते. वेटोळं गेलं? दिसेनासं झालं, एवढंच. पीळ आतच आहे. सैल सोडलं की बघा, हे आलं परत." तिचा आवाज चढला होता. "मधे दोन पेड उसवून वाचायचे झाले, तर पुढचा सगळा भाग आणखी आवळतो. मग एक विकर येतं, एक पेड कापतं, पीळ जाऊ देतं, पुन्हा जोडतं. तेवढं झालं नाही तर पेशी मरते."

"तुळसा, पुरे गो, हात कापतोय," सर पुटपुटले. काथ्या त्यांच्या तळव्यात रुतला होता.

"सोडू नका सर. माझं संपलेलं नाही."

तास संपला तेव्हा अध्यक्षांनी, एका पिकल्या केसांच्या गृहस्थांनी, आगाशे सरांना विचारलं, "यांना आजवर वर्गावर का नाही घेतलंत?"

सर निळा तळवा चोळत म्हणाले, "त्यांनी तशी कधी मागणी—"

"दर जूनला तास मागितला!" तुळसा भर वर्गात ओरडली. "तुमच्याच टेबलासमोर उभं राहून मागितला, सर!"

सर चष्मा काढून पुसू लागले. अध्यक्षांनी दोघा सभासदांकडे पाहिलं, दोघांनी माना हलवल्या, त्यांनीही हलवली. "जूनपासून वर्ग तुमचा, बाई," ते म्हणाले. बस, एवढंच. मग सगळे चहाला गेले.

हरिश्चंद्र तिचा कप घेऊन प्रयोगशाळेत आला, तर तुळसा स्टुलावर बसून हमसून हमसून रडत होती.

"बाई, अहो मिळाला ना तास? मग रडता कशाला?"

"मिळाला रे," ती म्हणाली आणि टेबलावर मूठ आपटली. "तीन माना हलल्या आणि मिळाला. इतकी वर्षं अडलेलं, ते एवढंसंच होतं रे!"